सेन्सर बदलला की बरं, चार दिवसांनी पुन्हा तेच: तापमानाचं रीडिंग सारखं का बिघडतं?

कुठल्याही प्लँटचं मेंटेनन्स रजिस्टर उघडा. "टेम्परेचर चुकीचं दाखवतंय. सेन्सर बदलला. ओके." आठ-दहा पानं उलटली की तोच टॅग नंबर, तीच नोंद, फक्त अक्षर दुसऱ्या शिफ्टवाल्याचं. तिसऱ्या-चौथ्या सेन्सरनंतर ठपका मालावर येतो: हल्लीचे सेन्सर टिकतच नाहीत.

मीही बरीच वर्षं असंच म्हणत होतो. मग लक्षात आलं, की सेन्सर बदलताना आपण एकच काम करत नाही. यंत्र बंद करून थंड होऊ देतो. हेडचं, म्हणजे सेन्सरच्या वायरी जिथे जोडतात त्या डबीचं, झाकण काढतो आणि कामाचं परमिट येईपर्यंत तासभर ते तसंच उघडं राहतं. वायरी सोडवून पुन्हा घट्ट आवळतो. थर्मोवेलमधली, म्हणजे पाइपात किंवा टाकीत बसवलेल्या धातूच्या कवचातली, सेन्सरची नळी काढून नव्याने तळाला टेकवतो. यातल्या कुठल्याही एका गोष्टीने मूळ दोष चार दिवसांपुरता दबतो आणि श्रेय नव्या सेन्सरला जातं. दोष जागेवरच असल्यामुळे तो परत येतो.

म्हणून वारंवार येणाऱ्या तक्रारीत माझा पहिला प्रश्न असतो: चूक केव्हा दिसते? कितीची आहे हे नंतर.

सकाळी बरोबर, दुपारी ट्रिप

एका टेंपरिंग भट्टीचं, म्हणजे कडक केलेलं पोलाद बेताचं तापवून थोडं मऊ करणाऱ्या भट्टीचं, उदाहरण देतो, कारण त्यात थर्मोकपल या दोन धातूंच्या तारांच्या सेन्सरचा सगळा धडा आहे. सेट पॉइंट, म्हणजे राखायचं तापमान, ३८० अंश सेल्सिअस. सुरक्षेसाठी ओव्हर-टेम्परेचरचा वेगळा कंट्रोलर, वेगळ्या थर्मोकपलवर, ४३० ला भट्टी ट्रिप, म्हणजे आपोआप बंद, करणारा. ऑपरेटरची तक्रार अशी: "साहेब, सकाळी मस्त चालते. दुपार झाली की मेन कंट्रोलर ३८० दाखवत असतो आणि भट्टी ट्रिप होते." शिवाय दुपारच्या जॉबचा हार्डनेस कमी येत होता.

आधी ट्रिपवाला सेन्सर बदलला, मग मेनचा, मग पुन्हा मेनचा. दर वेळी बदलल्यावर तीन-चार तास सगळं सुरळीत. ते साहजिकच होतं, कारण सेन्सर काढायचा म्हणजे भट्टी थंड करावी लागायची.

इथे थर्मोकपलचं मूळ समजून घ्यायला हवं. दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडल्या आणि ते टोक गरम केलं की उघड्या टोकांमध्ये काही मिलिव्होल्टचा दाब मिळतो. सीबेकने १८२१ मध्ये हा परिणाम पाहिला तो होकायंत्राची सुई हलताना, आणि त्याला तो चुंबकत्वाचाच प्रकार वाटला होता. आपण त्याच्यापेक्षा फार शहाणे नाही. अजूनही बहुतेकांना वाटतं की व्होल्टेज टोकावरच्या जोडात तयार होतं. जोड फक्त दोन तारा एकत्र आणतो. व्होल्टेज तयार होतं ते तारेच्या लांबीवर, जिथे जिथे तापमान बदलत जातं तिथे. म्हणजे टोकापासून पॅनलच्या टर्मिनलपर्यंतची सगळी तार हाच सेन्सर, आणि हेड ते पॅनल जाणारी केबलही त्याचाच भाग. म्हणून ती साधी तांब्याची चालत नाही, थर्मोकपलच्याच जातीची लागते. पॅनलमधलं उपकरण स्वतःच्या टर्मिनलचं तापमान मोजून तेवढे मिलिव्होल्ट वरून मिळवतं आणि मगच तक्त्यातून अंश काढतं.

के टाइपमध्ये, म्हणजे क्रोमेल आणि अ‍ॅल्युमेल या मिश्रधातूंच्या जोडीत, एका अंशाला साधारण ०.०४ मिलिव्होल्ट. तक्त्यात शून्य अंशाच्या संदर्भाने ३० अंशाला १.२०३, ५५ ला २.२३०, ३८० ला १५.५५४ मिलिव्होल्ट.

त्या दिवशी ट्रिपच्या थोडं आधी मी मेन थर्मोकपलच्या हेडपाशी उभा राहिलो. हेडला हात लावला तर चटका बसावा इतकं गरम, मोजलं तर ५५ अंश. पॅनलच्या आत ३०. हेडच्या टर्मिनलवर मल्टीमीटर लावला: १५.३८ मिलिव्होल्ट. त्यात हेडच्या ५५ अंशांचे २.२३ मिळवले की १७.६१, म्हणजे तक्त्यात ४२८ च्या पुढे. भट्टी खरोखरच तापलेली होती. ट्रिपवाला खरं बोलत होता आणि गुणी समजला गेलेला मेन कंट्रोलर खोटं.

मग पॅनलवर त्याच केबलचं टोक सोडवून मोजलं: १४.३५.

हेडपासून पॅनलपर्यंत तापमान ५५ वरून ३० वर उतरतं. केबल बरोबर असेल तर या उताराचा एक मिलिव्होल्ट वाटेत वाढायला हवा, पॅनलवर १६.४१ यायला हवे. साधी तांब्याची केबल असती तर हेडवरचा आकडा पॅनलवर जसाच्या तसा आला असता. इथे तो एकने घटला होता. याचा अर्थ एकच: केबल दोन्ही टोकांना उलटी जोडलेली. लाल तार दोन्हीकडे प्लसला.

दोन्हीकडे उलटी असल्यामुळे चिन्ह बरोबर येतं, रीडिंग वाढतं-घटतं नीट, कोणाला संशय येत नाही. एकाच टोकाला उलटी असती तर भट्टी तापताना आकडा खाली गेला असता आणि पाच मिनिटांत पकडली गेली असती. दुहेरी उलट मात्र हेड आणि पॅनल यांच्यातल्या फरकाच्या दुप्पट चूक देते. सकाळी दोन्ही एकाच तापमानाला, चूक शून्य. दुपारी फरक २५ अंश, चूक ५० च्या आसपास. कंट्रोलर स्क्रीनवर ३८० धरून ठेवायचा आणि भट्टी ४२९ ला.

अशा उलटजोडीचं मूळ रंगात असतं. अमेरिकन पद्धतीच्या थर्मोकपल केबलमध्ये लाल तार ऋण असते आणि के टाइपची धन तार पिवळी. आयुष्यभर लाल म्हणजे प्लस हेच गिरवलेल्या माणसाने ती प्लसला लावली तर त्याला दोष देववत नाही. आयईसीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकाच्या, पद्धतीत के टाइपला हिरवी धन आणि पांढरी ऋण, तिथे हा घोळ कमी. रंग उडाले असतील तर चुंबक काढा. के टाइपची ऋण तार, अ‍ॅल्युमेल, चुंबकाला हलकीच ओढली जाते, क्रोमेल नाही. केएक्स, म्हणजे के टाइपच्या एक्स्टेंशन केबलमध्ये हेच मिश्रधातू असतात म्हणून युक्ती चालते. केसी केबलचे धातू वेगळे असतात, तिथे चुंबकावर विसंबू नका.

हेड आणि पॅनल अशा दोन जागी मिलिव्होल्ट मोजायला दहा मिनिटं लागतात. आधीचे तीन थर्मोकपल बदलण्यात भट्टी तीन वेळा थंड झाली होती. मापताना एक काळजी घ्या: बरेच कंट्रोलर तार तुटली तर कळावी म्हणून लूपमध्ये बारीकसा करंट सोडतात, त्याने आकडा हलतो. उपकरणाकडची वायर सोडवूनच मोजा. आणि मल्टीमीटर दशांशानंतर निदान दोन आकडे मिलिव्होल्ट दाखवणारा हवा.

कित्येक जण हेडवरचे मिलिव्होल्ट थेट तक्त्यात बघतात आणि मग म्हणतात सेन्सर कमी दाखवतोय. भट्टी ४०० ला आणि हेड ६० ला असेल तर मीटरवर १३.९६ येणारच. तक्त्यात ते ३४२ दिसतात. हेडचं तापमान मिळवल्याशिवाय निकाल देऊ नका.

धुतलं की पाच अंश कमी

आता आरटीडी, म्हणजे रेझिस्टन्सवरून तापमान सांगणारा सेन्सर, बहुतेक ठिकाणी पीटी १००. इथे व्होल्टेज तयार होत नाही, आपणच एक बारीक करंट सोडून प्लॅटिनमचा रेझिस्टन्स मोजतो. शून्याला १०० ओहम, १०० अंशाला १३८.५१ ओहम. म्हणजे अंशाला साधारण ०.३८५ ओहम. हा आकडा पाठ करून ठेवा, कारण त्यातून उलटं गणित निघतं: वाटेत कुठेही एक ओहम जास्तीचा आला की अडीच अंशांहून अधिक चूक.

दोन वायरींच्या जोडणीत केबलचा सगळा रेझिस्टन्स सेन्सरमध्येच मोजला जातो. म्हणून तिसरी वायर देतात: सेन्सरच्या एका टोकाला दोन लाल, दुसऱ्याला एकच पांढरी. ट्रान्समीटर, म्हणजे सेन्सरचं माप करंटच्या सिग्नलमध्ये बदलणारं उपकरण, दोन सारख्या वायरींचा रेझिस्टन्स मोजतो आणि तो वजा करतो. "तिन्ही वायरी सारख्या" हे गृहीत धरून. एका स्क्रूखाली गंज आला, वायरीच्या टोकाचा एक लग अर्धवट दाबला गेला, एका वायरीला वाटेत जोड दिला, की गृहीतक कोसळलं. एकट्या असलेल्या पांढऱ्या वायरीत जास्तीचा रेझिस्टन्स आला तर रीडिंग वर जातं. दोन लाल वायरींपैकी एकीत आला तर खाली, दुसरीत आला तर काहीच फरक नाही. कुठली लाल ते ट्रान्समीटरच्या रचनेवर ठरतं. त्यामुळे लाल वायरी अदलाबदल करून "बरा झाला" असं वाटलं, तर सैल जोड अजून तिथेच आहे हे समजा.

हेडमध्ये वायरी सोडवून तीन मापं घ्या. लाल-लाल, पांढरी आणि पहिली लाल, पांढरी आणि दुसरी लाल. पहिलं जवळपास शून्य, बाकी दोन एकसारखी. वातावरण २५ अंश असेल तर वायरींचा रेझिस्टन्स वजा जाता १०९.७३ च्या आसपास. मल्टीमीटरच्या प्रोबचाच दोन-तीन दशांश ओहम रेझिस्टन्स असतो. प्रोब एकमेकांना टेकवून तो आधी बघा आणि वजा करा, नाहीतर पाऊण अंशाचा दोष तुम्हीच जन्माला घालाल. मग हीच मापं पॅनलच्या टोकाला घ्या. दोन ठिकाणची तुलना केली की दोष सेन्सरचा की वाटेचा हे तिथेच कळतं.

पण वारंवार येणाऱ्या तक्रारींत मला सर्वात जास्त भेटलेला गुन्हेगार पाणी आहे. एक टाकी रोज शिफ्ट संपताना गरम पाण्याने धुतली जायची. धुतल्यावर काही तास रीडिंग पाच अंश कमी, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हळूहळू बरोबर. सेन्सर बदलायला माणूस जायचा, झाकण काढायचा, पाने आणायला परत यायचा. तेवढ्यात हेड वाळायचं. नवा सेन्सर लावला की रीडिंग बरोबर. आठवडाभर झाकण नीट बसलेलं, मग पुन्हा कोणीतरी उघडून गॅस्केट वाकडं बसवलं की पहिले पाढे पंचावन्न.

पाण्याने होतं काय? टर्मिनलांमध्ये ओलावा आला की सेन्सरला समांतर एक वाट मिळते. ती वाट १० किलो-ओहमची असली, म्हणजे मेगरने इन्सुलेशन मोजणाऱ्याच्या दृष्टीने जवळजवळ शॉर्टच, तरी १३८.५१ ओहमचे १३६.६२ होतात. दोन ओहमही नाही, पण चूक पाच अंशांची. आणि दिशा नेहमी एकच: कमी. पीटी १०० अधूनमधून कमी दाखवतो आणि कोरड्या दिवसांत बरा असतो, असं ऐकलं की मी सरळ हेड उघडतो आणि ग्लँड, म्हणजे केबल आत येते ते तोंड, बघतो. ग्लँडचं तोंड वर असेल आणि केबल वरून थेट खाली येत असेल, तर प्रत्येक थेंब केबल धरून आत उतरणार. केबलला हेडच्या खालपर्यंत एक झोळ द्या, ग्लँड खालच्या बाजूला घ्या, गॅस्केट बदला. माझ्या त्या टाकीला एवढंच लागलं.

याचा आतला भाऊबंद जास्त त्रासाचा. धातूच्या नळीत तारांभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दाबून भरलेली असते. ही पूड हवेतला ओलावा ओढून घेते. टोकाचं सील तडकलं किंवा कोणी नळी कापून आखूड केली आणि उघडी ठेवली, की ओलावा आत सरकतो आणि हेड वाळवून काही होत नाही. तपासायला तार आणि नळी यांच्यात इन्सुलेशन मोजा. आयईसी ६०७५१ प्रमाणे नव्या सेन्सरला साध्या तापमानात १०० व्होल्ट डीसीला निदान १०० मेगा-ओहम हवेत. ट्रान्समीटर आधी पूर्ण सोडवा आणि ५०० व्होल्टचा मोटारवाला मेगर लावू नका. मेगरने ट्रान्समीटर उडवलेले लोक माझ्या ओळखीत आहेत. त्यातला एक मी.

आकडा उडतो तेव्हा

रीडिंग मधेच एकदम टोकाला जाऊन परत येत असेल, तर ते तापमान नाही. कुठल्याच टाकीचं पाणी एका सेकंदात ६० वरून २०० वर जाऊन परत येत नाही. सेन्सर तुटला की ट्रान्समीटर मुद्दाम करंट मर्यादेबाहेर नेतो, म्हणजे २१ मिलि-अँपिअरच्या वर किंवा ३.६ च्या खाली. क्षणभर सैल झालेला जोडही त्याला तुटल्यासारखाच दिसतो. ट्रेंडवर अशा उभ्या रेघा दिसल्या की यंत्र चालू असताना वायरी एकेक हलवून बघा, सुरक्षित असेल तरच आणि ऑपरेटरला सांगून लूप मॅन्युअलला, म्हणजे हाताने चालवायला, टाकून. काही सेन्सर थंड असताना अखंड आणि गरम झाले की आतून तुटतात. प्रसरणाने तडा उघडतो. ते टेबलावर ओकेच मापतात. त्यांना गरम करूनच पकडावं लागतं.

उभ्या रेघांऐवजी जाडसर थरथर असेल आणि ती एखादी व्हीएफडीवरची, म्हणजे वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवरची, मोटार सुरू झाली की येत असेल, तर सेन्सरला हातही लावू नका. केबल पॉवरच्या ट्रेमधून गेली आहे का आणि शील्ड, म्हणजे केबलमधलं धातूचं आवरण, दोन्ही टोकांना अर्थ केलंय, म्हणजे जमिनीला जोडलंय का, हे बघा. टोक नळीला वेल्ड केलेला थर्मोकपल, म्हणजे ग्राउंडेड, आणि तिकडे पॅनलमध्येही अर्थ, असं झालं की दोन अर्थमधला फरक त्या मिलिव्होल्टांत मिसळतो. अनग्राउंडेड घ्या किंवा मधे दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा आयसोलेटर टाका.

आकडा स्थिर पण खोटा

इथे दोष बहुधा सेटिंगचा असतो आणि सेन्सर बदलून तो कधीच जात नाही, हा त्याचा चांगुलपणा. ट्रान्समीटरची रेंज ०–२०० आणि पीएलसीची, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या संगणकाची, ०–२५० असेल तर १०० च्या जागी १२५ दिसेल. शून्यापाशी बरोबर, वर जाताना चूक वाढत जाते. सेन्सर के टाइपचा आणि सेटिंग जे या दुसऱ्या टाइपचं असेल तर ४०० अंशांना तीनशेच्या आसपास आकडा येईल. जुन्या जपानी यंत्रांत जेपीटी १०० असतो, त्याचा रेझिस्टन्स १०० अंशाला १३९.१६ ओहम. त्याच्या जागी साधा पीटी १०० लावला आणि सेटिंग तसंच ठेवलं तर १०० ला जवळपास पावणेदोन अंश कमी.

थर्मोवेलची चूक मात्र बदलण्यानेच *जन्माला* येते. जुना सेन्सर वेलच्या तळाला स्प्रिंगने टेकलेला होता, नवा दहा मिलिमीटर आखूड आला. टोक आणि तळ यांच्यात हवा, आणि हवेतून उष्णता जाते ती रडतखडत. रीडिंग कमी आणि सुस्त. वेल पाइपमध्ये पुरेशी खोल नसेल तरी हेच, धातूतून उष्णता बाहेर निसटते. व्यासाच्या निदान दहापट खोली मिळावी हा ढोबळ हिशोब, बऱ्यापैकी चालतो. नवा सेन्सर टाकताना वेलची खोली तारेने मोजा आणि सेन्सरशी ताडून बघा.

सेन्सर खरंच गेला असेल तर

जातात तेही. आठशे ते हजार अंशांच्या दरम्यान, ऑक्सिजन कमी असलेल्या बंद नळीत के टाइपच्या क्रोमेलमधला क्रोमियम आधी ऑक्सिडाइझ होतो. तार हिरवट होते आणि रीडिंग महिन्यागणिक घसरतं. ही घसरण एकाच दिशेची आणि संथ असते. सकाळ-दुपार असा खेळ ती खेळत नाही. अशा ठिकाणी एन टाइप लावलेला मला जास्त दिवस टिकलेला दिसलाय.

म्हणून काढलेला सेन्सर भंगारात टाकण्याआधी एक मिनिट थांबा. पीटी १०० असेल तर बारीक फोडलेला बर्फ आणि त्यात भिजेल इतकंच शुद्ध पाणी, दहा मिनिटं बुडवून ठेवा. वायरीचा भाग वजा जाता क्लास बी या अचूकतेच्या वर्गातला सेन्सर ९९.८८ ते १००.१२ ओहमच्या आत आला पाहिजे. थर्मोकपल असेल तर ड्राय ब्लॉकमध्ये, म्हणजे ठरावीक तापमानाला तापवलेल्या धातूच्या ठोकळ्यात, खात्रीच्या एकाशेजारी उभा करा, शक्यतो भट्टीत होता तितक्याच खोलीपर्यंत, कारण जुनी तार लांबीवर सगळीकडे सारखी राहिलेली नसते आणि खोली बदलली की आकडाही बदलतो.

त्या भट्टीवरून काढलेले तिन्ही थर्मोकपल माझ्या ड्रॉवरमध्ये होते. ब्लॉक ४०० ला लावून तिघांना एकदमच बसवलं. क्लास २ ला तिथे तीन अंशांची मुभा असते. सर्वात वाईट निघाला तो दीड अंशाने चुकत होता.